घरचा अभ्यास कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत लेकीकडे ठाण्याला गेले होते. वसुबारसेचा दिवस. स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालू होता, जावई गेल्या वर्षीचा आकाशकंदील शोधायला माळ्यावर चढले होते, आणि घरातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती, वय वर्षे सात, इयत्ता दुसरी, जेवणाच्या टेबलाशी बसून नाक ओढीत रडत होती.

“काय झालं रे?”

“दिवाळीचा अभ्यास.”

मी वही पुढे ओढली. रोज एक पान शुद्धलेखन, रोज एक ते शंभर अंक, दोन ते दहा पाढे आणि शेवटी ‘माझी दिवाळी’ या विषयावर दहा ओळी. सुट्टी अठरा दिवसांची; म्हणजे अठरा पाने शुद्धलेखन आणि अठराशे अंक! त्यातली मौज अशी की, ‘माझी दिवाळी’ लिहायची तर आधी ती साजरी व्हायला हवी. पण बाळराजांच्या मातोश्रींनी सगळा अभ्यास लक्ष्मीपूजनापूर्वी उरकून टाकायचा बेत केला होता.

“आई,” कढईवरची नजर न हलवता लेक म्हणाली, “तू त्याची चार पानं लिहून टाक ना. तुला लहान मुलासारखं अक्षर काढता येतं. तेहेतीस वर्षं तेच बघत आलीस.”

मीही पेन्सिल हातात घेतली. खोटे कशाला बोलू? नातवाचे डोळे पुसायचे तर कुठली आजी चार पाने लिहायला मागेपुढे पाहील? परंतु पहिले अक्षर काढण्याआधीच हात थबकला. हा अभ्यास माझ्या चांगल्या ओळखीचा होता. अगदी असाच, याच क्रमाने, मी स्वतः तो मुलांना देत असे. एवढेच नव्हे, तर अशाच एका दिवाळीच्या आसपास याच अभ्यासापायी एका मुलीची शाळा जवळजवळ सुटली होती. ती गोष्ट आजवर मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

१९८१ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागले. वर्ग दुसरीचा, मुले छप्पन्न. घरचा अभ्यास कशासाठी द्यायचा, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एवढे बजावले, “फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज अभ्यास पडला पाहिजे.” तो पडू लागला. जी बाई भरपूर अभ्यास देते ती कडक, आणि कडक बाई चांगली, असे शाळेत सगळेच मानीत. आणि पालक तर आमच्याहून अधिक मानीत. मला चांगली बाई व्हायचे होते.

आता हिशेब पाहा. छप्पन्न मुले, प्रत्येकाच्या दोन वह्या, म्हणजे एकशे बारा वह्या. एका वहीला एकच मिनिट दिले तरी दोन तासांना आठ मिनिटे कमी. तेवढा वेळ कुठून आणायचा? मधल्या सुट्टीत पोळीचा तुकडा तोंडात आणि लाल पेन हातात, अशी मी वह्यांचा फडशा पाडत असे. पान उलटायचे, एक तिरकी बरोबरची खूण, खाली आद्याक्षरे, पुढची वही. एकदा एका मुलाची आई हसत हसत वही घेऊन आली. शुद्धलेखनाच्या पानावर मध्येच तिने घाईत वाणसामानाची यादी लिहिली होती: साखर दोन किलो, रवा एक किलो, डालडा. मी त्या यादीवरही खूण करून सही ठोकली होती! आम्ही दोघी खूप हसलो. पण घरी जाताना ते हसू उतरले. माझ्या मनात आले, मी न वाचलेले जर मूल रोज लिहीत असेल, तर ते नक्की कोणासाठी लिहिते?

या एक ते शंभर अंकांची एक गंमत सांगते. ज्यांच्या घरात पहिली-दुसरीतले मूल आहे त्यांनी आजच पाहावी. अंक लिहायला बसलेल्या मुलाच्या हाताकडे लक्ष द्या. मूल पन्नास, एक्कावन्न, बावन्न असे लिहीतच नाही. ते आधी वरून खाली पाचाचे दहा आकडे ओढते, मग त्यांच्या शेजारी शून्य ते नऊ भरत जाते. स्तंभ झाला की पुढचा. पान भरते, अक्षरही वळणदार असते. आणि त्याच मुलाला मध्येच ‘त्रेपन्न लिही’ म्हटले की ते पस्तीस लिहून मोकळे होते. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. ही अडचण खरी आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले, ते अनेकांना आठवत असेल. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, ते असो. माझा मुद्दा एवढाच की, मुलाची खरी अडखळण्याची जागा जिथे होती, तिथे माझा अभ्यास पोचतच नव्हता. हात राबत होता आणि डोके आरामात बसले होते.

आता त्या मुलीची गोष्ट.

साल १९८७. दुसरीच्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी, दोन घट्ट वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. जून-जुलैत वही नीट असे. ऑगस्टपासून अभ्यास अर्धा येऊ लागला, सप्टेंबरात येईनासा झाला. मी आधी समजावले, मग रागावले, आणि मग जे त्या काळी सर्रास करीत तेच केले: अभ्यास न आणणाऱ्यांना वर्गाच्या दाराशी उभे केले. तशी ती चार-पाच दिवस उभी राहिली असेल. एक शब्द बोलली नाही. पुढे तिची गैरहजेरी सुरू झाली. आधी सोमवारची, कारण शनिवारी मी दुप्पट अभ्यास देत असे, मग मंगळवारचीही. सहामाही परीक्षेला ती आलीच नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर हजेरीपटातला पत्ता काढून मी तिच्या घरी गेले. खरे सांगायचे तर कळवळ्याने नव्हे. परीक्षेला का बसली नाही याची नोंद करायची होती म्हणून.

वाड्याच्या मागच्या अंगाला एकच खोली. दारातच सुपांवर आणि कापडावर पापड वाळत पडलेले. आई लाटत होती. पोर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन वाळलेले पापड गोळा करीत होती. मला पाहताच ती उठून आतल्या कोपऱ्यात गेली. आईने हात पुसत पाट दिला.

“शाळेत का येत नाही ही? अभ्यास का करत नाही?” मी विचारले.

आई जराशी ओशाळली. “बाई, वही संपली तिची. पापडाचं पैसं मिळालं की आणते म्हनले होते. मंग ती म्हनली, वहीबिगर बाई दाराशी उभं करत्यात, म्या न्हाई जायची.”

वही संपली! मी तिथेच मनात गणित मांडले. एक ते शंभर पाच वेळा, म्हणजे रोज पाच पाने. शंभर पानी वही वीस दिवसांत खलास. शुद्धलेखनाची निराळी. सहा वर्षांत माझ्या अभ्यासाने किती वह्या खाल्ल्या, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. कारण त्या मला विकत घ्याव्या लागत नव्हत्या.

इतका वेळ कोपऱ्यात उभी असलेली ती पोर, कामाची खोटी होते म्हणून की काय, पुन्हा येऊन बसली आणि पापड मोजू लागली. पाच-पाच उचलत होती. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, गठ्ठा बाजूला. असे चार गठ्ठे झाले की ते एकावर एक रचून वर एक दोरा ठेवी. तो शेकडा. मध्ये एक पापड तुटका निघाला. तो तिने काढून टाकला आणि पुढच्या ढिगातला एक आणून भरपाई केली. एकदाही चुकली नाही. मी पाहत राहिले. या मुलीच्या प्रगतीपुस्तकात गणितापुढे मी ‘लक्ष देण्याची गरज आहे’ असा शेरा मारला होता.

शेरा खराच होता. फक्त तो माझ्यासाठी होता.

दिवाळीनंतर ती शाळेत आली. वही मी दिली, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही; वही द्यायला लागू नये असा अभ्यास देणे हे खरे काम होते आणि ते मला येत नव्हते. चौथीपर्यंत ती आमच्याकडे होती. पुढे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले आणि तिचे काय झाले ते मला समजले नाही. एवढ्या वर्षांत शेकडो मुलांचे चेहरे पुसट झाले. त्या दोन घट्ट वेण्या मात्र नाहीत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा मी शिकत असताना पुस्तकात वाचली होती, परीक्षेत तिच्यावर टीपही लिहिली होती. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना दिसले की, आदिवासी मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात गेली. आम्ही टीप लिहिली, गुण मिळवले आणि पुण्याच्या वर्गात येऊन पापड मोजणाऱ्या मुलीला दाराशी उभे केले! विद्या पाठ होणे आणि अंगी लागणे यांत किती अंतर असते, ते मला असे समजले.

त्यानंतर मी काय केले ते सांगते, पण एकदम सगळे साधले असे कोणी समजू नये. पहिला निश्चय असा की, अभ्यास तोंडाने, हाताने, डोळ्यांनी करायचा, पेन्सिलीने क्वचित. दुसरा असा की, मुलाला तो एकट्याने जमला पाहिजे आणि पाठ्यपुस्तकाच्या एका पानाला लागतो त्याहून जास्त वेळ त्याला लागता कामा नये. आणि तिसरा, जो पाळायला सर्वांत कठीण गेला: दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा मिनिटे त्या अभ्यासाबद्दल वर्गात बोलायचे. ज्याबद्दल उद्या विचारणार नाही, ते आज द्यायचे नाही.

पहिलाच अभ्यास दिला: घरातले चमचे मोजून या. सोपा वाटला होता. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाला बारा, दुसरा म्हणाला चाळीस, तिसऱ्याने ‘चांदीचे वेगळे सांगू का?’ म्हणून विचारले. मग आकडे फुगतच गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, “दोनशे.” त्याच्या घरी दोनशे चमचे नव्हते, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही. घरचा अभ्यास घरातून आणायचा म्हणताना घराची झडती होऊ नये, हे मी त्या सकाळी शिकले. त्यानंतर प्रत्येकाजवळ असतेच असे काही शोधू लागले. स्वतःची मूठ, अंगातल्या सदऱ्याची बटणे, घरापासून कोपऱ्यापर्यंतची पावले, जिन्याच्या पायऱ्या, रस्त्यावरच्या पाट्या. त्यातल्या पाट्या फार कामाच्या. ‘घरी जाताना ‘क’ दिसेल त्या तीन पाट्या वाचून या,’ म्हटले की मुले जी माना वर करून चालत! एका आजोबांनी तक्रार केली, की नातू आता रस्ता ओलांडतानाही वाचतो. तेव्हा मी ‘फक्त उभे राहून वाचायचे’ अशी पुस्ती जोडली.

मूठभर शेंगदाण्यांचा अभ्यास माझा सर्वांत आवडता. ‘एक मूठ शेंगदाणे घ्या, मोजा, डब्यात परत टाका आणि आकडा लक्षात ठेवून या.’ दाणे महाग असतील तर तांदूळ नको, चिंचोके चालतील, खडेही चालतील. एवढ्याशा अभ्यासात काय काय निघाले! ज्यांनी एकेक मोजले ते मध्येच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून लागले. तिसऱ्यांदा चुकल्यावर एका मुलीने आपणहून दहा-दहाचे ढीग केले. वर्गात तिने ते सांगताच मला दशकाचा धडा निराळा शिकवावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांची मूठ मोजून यायला सांगितले, तर वडिलांची किती मोठी, म्हणजे किती जास्त, अशी वजाबाकी आपोआप निघाली. एकजण मात्र पहिल्या मुठीला अठ्ठावीस आणि दुसऱ्या मोजणीला एकोणीस म्हणाला. “कमी कसे झाले रे?” “बाई, मोजता मोजता खाल्ले.” “किती खाल्ले?” त्याने बोटे मुडपली, डोळे मिटले आणि म्हणाला, “नऊ.” याहून चांगली वजाबाकी माझ्या वर्गात कधी झाली नाही.

वाचनाचा प्रश्न अधिक अवघड होता. घरी जाऊन कोणाला तरी चार ओळी मोठ्याने वाचून दाखवा, असे सांगितले तेव्हा पाच-सहा मुले गप्प राहिली. त्यांच्या आयांना वाचता येत नव्हते. मी म्हणाले, ऐकणाऱ्याला वाचता आले पाहिजे असे कुठे आहे? कान असले की झाले. पुढे एका पालकसभेत एक धुणीभांडी करणारी बाई मला म्हणाली, “बाई, तो वाचतो न् मी भाकरी करते. अडखळला की मी म्हन्ते, पुढं काय झालं? मंग वाचतोच.” एवढे नेमके मार्गदर्शन अध्यापनशास्त्राच्या जाड पुस्तकात मला सापडले नव्हते. ती चूक दुरुस्त करू शकत नव्हती, हे खरेच. ते काम माझे होते. पण पुढे काय झाले, हे तिला मनापासून हवे होते. मुलाला वाचायला कारण लागते, ते तिने पुरवले.

पाढ्यांना माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. माझे वडील पावकी, निमकी, सव्वाकी खडाखड म्हणत आणि भाजीवाल्याचा हिशेब त्याच्याआधी सांगत. पाठांतर हवेच. पण पाढा हा म्हणायचा आहे, लिहायचा नव्हे. जिना चढताना, वेणी घालून घेताना, दुकानातून येताना बेचा पाढा दोनदा म्हटला की झाला. तोच तीन वेळा लिहायला लावला, की मूल अंकांच्या स्तंभासारखाच तोही उभा ओढते.

तक्रारी कोणाच्या आल्या असतील? मुलांच्या नाहीत. पालकांच्या! पहिल्याच सभेत एक गृहस्थ उभे राहिले. मुलाची वही उंच धरून त्यांनी पाने फडफडवली. “बाई, दोन महिने झाले आणि वही ही अशी कोरी! शेजारच्या वर्गातल्या मुलांच्या दोन-दोन संपल्या. आमच्या मुलानं मागे पडायचं का?” सभा त्यांच्या बाजूची होती, हे चेहऱ्यांवरून दिसत होते. मी काय सांगणार? मी त्यांच्या मुलाला पुढे बोलावले आणि म्हटले, “तुझ्या घरापासून शाळेपर्यंत किती पावलं?” तो म्हणाला, “माझी सहाशे चाळीस, बाबांची चारशे दहा. बाबा लांब टाकतात.” गृहस्थ खाली बसले. तरी पूर्ण समाधान झाले नसावे. कारण पुढच्याच महिन्यात त्यांनी मुलाला शिकवणी लावल्याचे कळले. भरलेली वही हातात धरता येते, शेजाऱ्यांना दाखवता येते. शिकलेले मूल तसे दाखवता येत नाही.

मोठ्या बाईंनीही मला दोनदा बोलावून घेतले. त्या वाईट नव्हत्या. तपासणीला साहेब आले की ते वह्या मागतात आणि कोरी वही दिसली की शेरा शाळेवर पडतो, ही त्यांची अडचण होती. शेवटी तडजोड झाली. आठवड्यातून दोन दिवस पाच-सहा ओळींचे लेखन. पण ते मुलाने स्वतः सांगितलेल्या वाक्यांचे, आणि तेवढे मी खरोखर वाचायचे. छप्पन्न मुलांचे चार गट केले, रोज चौदा वह्या. चौदा वह्या माणूस वाचू शकतो. वाणसामानाची यादी पुन्हा माझ्या नजरेतून सुटली नाही.

हे सगळे मी अंदाजाने, धडपडत केले. पुढे वाचायला मिळाले की मोठी माणसेही तिथेच येऊन पोचली होती. १९८९ साली राज्यसभेत लेखक आर. के. नारायण यांनी मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले आणि त्याची बरीच चर्चा झाली. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ च्या तिच्या अहवालाचे नावच मुळी ‘ओझ्याविना शिक्षण’ अशा अर्थाचे होते. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये; द्यायचाच तर घरच्या परिसरात शोध घेण्यापुरता द्यावा, असे तिने सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा निर्णय दिला; त्याच वर्षी केंद्राचे परिपत्रक निघाले. २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे म्हटले आहे. अमेरिकेतले हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांसह २००६ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठाचा आणि यशाचा संबंध बऱ्यापैकी दिसतो; लहान वर्गांत तो अगदीच पुसट, असे त्यांना आढळले.

कागद झाले, निवाडे झाले. आणि माझ्या नातवाच्या हाती अठराशे अंक आलेच. याला मी एकट्या बाईंना दोष देणार नाही. सुट्टीचा अभ्यास दिला नाही तर उद्या त्यांच्यापुढेही कोणीतरी कोरी वही फडफडवणार आहे. शिवाय आता एक नवीच भर पडली आहे. आमच्या वेळी अभ्यास निदान मुलाला तरी सांगितला जाई. ते विसरले तर विसरले. आता तो सरळ आईच्या फोनवर येतो. संध्याकाळी कामावरून येता येता लेक लोकलमध्ये उभ्याउभ्याच तो वाचते आणि घरात पाऊल टाकताच विचारते, “वही कुठाय?” पोराला आपल्याला काय सांगितले होते, ते आठवण्याचीसुद्धा गरज उरलेली नाही. मग अभ्यास त्याचा की हिचा? दिवसभर कचेरीत डोके शिणवून आलेल्या आईने रात्री नऊला डोळ्यांत झोप उतरलेल्या पोराच्या बोटांत पेन्सिल धरून बसायचे आणि दोघांनी मिळून रडायचे, याला घरचा अभ्यास म्हणतात. आणि जिच्या घरी अशी आई मोकळी नाही, किंवा जिला पुस्तकातली भाषाच येत नाही, तिच्या पोराने दाराशी उभे राहायचे. इंग्रजी शाळांमुळे हे दुसरे दुखणे पूर्वीपेक्षा वाढलेच आहे.

मी पेन्सिल खाली ठेवली.

“चल रे,” म्हटले, “रांगोळी काढायची आहे ना? मला ठिपके मोजून दे.”

दारात गेरू वाळला होता. मी सांगितले: मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली एकेक कमी करत शेवटी एकच. त्याने जीभ बाहेर काढून, फार तिरके तिरके का होईना, घातले. “किती झाले?” त्याने मोजले, चुकला, पुन्हा मोजले. एकोणपन्नास. मग शेजारी सात ओळी, प्रत्येकीत सात, असा चौकोन घालायला लावला. तेही मोजले. तो थांबला, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले. “आजी, दोन्ही सारखेच कसे?”

“तूच सांग.”

त्याने सांगितले नाही. उकिडवा बसून तो पहिल्या रांगोळीकडे मान वाकडी करून पाहू लागला, मग उठून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथून पाहू लागला. चकल्यांचा पहिला घाणा ताटलीत घालून लेक बाहेर आली. तिने रांगोळीकडे पाहिले, कोऱ्या वहीकडे पाहिले.

“छान आहे,” ती म्हणाली, “पण आई, सुट्टीनंतर बाईंना काय सांगायचं?”

मी वहीचे शेवटचे पान उघडले आणि तिच्या बाईंना चार ओळींचे पत्र लिहायला घेतले, एका बाईने दुसऱ्या बाईला लिहावे तसे. त्यात पापडांची गोष्ट घालावी की न घालावी, हे ठरवताना चकली संपली. शेवटी घातली. उत्तर अजून यायचे आहे.

दारातून हाक आली, “आजी, नऊ ठिपक्यांची घालून बघू?”